राब, मीठपाणी आणि विंचू : पाड्यावरच्या शाळेत विज्ञान कसं शिकवायचं

आधी माझी फजिती सांगतो. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन होता, मी पोरांकडून ज्वालामुखी करून घेतला, तोच तो खायचा सोडा आणि व्हिनेगरवाला, आणि आपली संस्कृती पण दिसली पाहिजे म्हणून चार्टच्या कडेनं वारली चित्रं काढायला लावली. साहेब आले, वा वा झालं, फोटो ग्रुपवर गेले. संध्याकाळी चटया गोळा करताना एका पोरानं विचारलं, सर, आपल्याकडं कुठंय ज्वालामुखी? मी म्हटलं, नाही बाबा आपल्याकडं. आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते, कारण शाळा उभी आहे तो काळा दगड अख्खा लाव्हाचाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, पोरं रोज त्यावर चड्ड्या घासतात आणि मी नाही म्हणून मोकळा झालो.

तर चित्राची किनार लावली की विज्ञान मुलांचं होत नाही. मुलांना जे आधीच माहितीय त्याचा प्रश्न करायचा आणि तो प्रश्न तपासायचा, बस. हे कसं करायचं ते पालघरकडच्या भातशेतीच्या पट्ट्यातल्या अनुभवावरून लिहितोय, तुमच्याकडं कापूस असेल, ऊस असेल, मासेमारी असेल, तिथलं तुम्ही बघा.

सुरुवात राबापासून करा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पावसाआधी शेताच्या एका तुकड्यावर टहाळ, शेण, पालापाचोळा, माती असे थर लावून ते भाजतात, आणि पाऊस पडला की तिथं भात पेरून आवण, म्हणजे लावणीची रोपं, तयार करतात. आम्ही शहरातनं आलेले मास्तर काय करायचो, प्रदूषणाच्या धड्यात राब म्हणजे वाईट सवय असं सांगून पुढं जायचो, आणि वर्गातली निम्मी पोरं खाली मान घालून बसायची कारण परवाच घरी राब भाजून आलेली असायची. आता उलटं करतो. फळ्यावर एकच प्रश्न लिहितो, राब का भाजतात? आणि घरी विचारून या म्हणतो. उत्तरं येतात तण कमी येतं, रोप जोमात येतं, किडा मरतो, आणि एक हमखास, पहिल्यापासून भाजतात म्हणून. सगळी फळ्यावर लिहायची, कुठलंही पुसायचं नाही.

मग प्रयोग. एखाद्या पालकाला सांगून शेताचा दोन हात तुकडा न भाजता ठेवायला लावा. भाजलेल्या जागेतली माती एका डब्यात, शेजारच्या न भाजलेल्या तुकड्यातली दुसऱ्यात, माती वरच्या चार बोटांतलीच घ्या, डबे सारखे, रोजचं पाणी सारखं, दोन्ही एकाच उन्हात. तेलाचे कापलेले डबे चालतात, बुडाला खिळ्यानं भोकं पाडा. काहीही पेरायचं नाही, फक्त दोन आठवडे रोज उगवलेलं तण मोजून वहीत लिहायचं. आमच्याकडं न भाजलेल्या डब्यात मोजता मोजता पोरं कंटाळली आणि भाजलेल्यातलं बोटांवर मोजून झालं. मी खूश, चला झाला धडा. तेवढ्यात सहावीतली एक मुलगी, जी वर्षभर तोंड उघडत नव्हती, ती म्हणाली सर पण हे आगीनं झालं का राखेनं? तुम्हीच विचार करा, हा प्रश्न मला सुचायला पाहिजे होता. मग तिसरा डबा लावला, न भाजलेली माती आणि वर चुलीतली राख, आणि त्यातही तण आलंच भरपूर. म्हणजे तणाचं बी मरतं ते आगीच्या उष्णतेनं, राखेतून पालाश मिळतं ती वेगळी गोष्ट. नियंत्रित प्रयोग, चल, अचल हे शब्द मी त्या दिवशी तिसऱ्या डब्याकडं बोट दाखवून शिकवले.

पण इथं थांबू नका, नाहीतर 'आमचे पूर्वज सगळं जाणत होते' या गाडीत बसाल आणि ती गाडी कुठंच नेत नाही. भाजण्यात नत्र आणि सेंद्रिय पदार्थ जळून जातात, धूर होतो, दरवर्षी टहाळासाठी झाडं तोडून बोडकी होतात, हेही त्याच फळ्यावर आलं पाहिजे. नेरळच्या सगुणा बागेतून पसरलेली एसआरटी, म्हणजे सगुणा राइस टेक्निक, ही भात लावायची पद्धत आहे, तिच्यात चिखलणी नाही, लावणी नाही, म्हणजे राबही नाही, पण मग तणनाशक मारावं लागतं. पोरांना भांडू द्या यावर. आमच्याकडं एक तास भांडण चाललं, निकाल लागला नाही, लागायची गरजही नव्हती.

घनता शिकवायची असेल तर जूनमध्ये बियाण्याला मीठपाण्याची प्रक्रिया करतात तीच वर्गात आणा. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ हे शेतीखात्याचं नेहमीचं प्रमाण, वर्गात १ लिटरला ३० ग्रॅम घ्या. आधी साध्या पाण्यात मूठभर भात टाकून तरंगलेले दाणे काढा, मग बुडालेलेच दाणे मीठपाण्यात टाका, त्यातले काही आता वर येतात. दाणा तोच, मग वर का आला? इथं गप्प बसायचं. खरंच गप्प बसा, मास्तरला हेच सगळ्यात अवघड जातं. नंतर अंडं टाकून दाखवा, ते या पाण्यात बुडतंच, तरंगायला साधारण तिप्पट-चौपट मीठ लागतं, चमचा चमचा टाकत पोरांना मोजू द्या. बी मात्र नंतर साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवून ज्याचं त्याला परत द्या, बियाणं आहे ते, फेकलंत तर पुढच्या वेळी कोणी आणणार नाही.

भाषेचं वेगळं सांगायला पाहिजे. पुस्तकातली मराठी ही आमच्या पोरांची दुसरी भाषा, घरी वारली नाहीतर कोकणा नाहीतर कातकरी. घनता, प्लवन, बाष्पीभवन हे शब्द आधी फेकले की पोर पाठ करतं आणि गप्प होतं. आधी त्याच्या बोलीत सांगू द्या काय दिसलं, ते तसंच्या तसं फळ्याच्या डाव्या बाजूला लिहा, आणि मग उजवीकडं पुस्तकातला शब्द. बोली दुरुस्त करायची नाही. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची मंडळी सत्तरच्या दशकात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला जाऊन ग्रामीण शाळांमधलं विज्ञान आणि भाषा यावर काम करत होती, म्हणजे हा काही मी लावलेला शोध नाही, पण अजूनही ट्रेनिंगमध्ये पीपीटीच्या शेवटच्या स्लाइडवर एका ओळीत उरकतात.

आता बघा परीक्षानळी कोणाच्या हातात आहे. एक दिवस शिकवू नका, फक्त मोजा. मी मोजलं तर प्रत्येक गटात मुलगे हाताळतायत आणि मुली आकृती काढतायत, अक्षर चांगलं म्हणून, आणि शेवटी भांडी पण त्याच विसळतायत. आणि हे गट मीच पाडले होते! तेव्हापासून चार जणांचा गट, कामं चार : हाताळणं, मोजणं, लिहिणं, आवरणं, आणि दर प्रयोगाला काम फिरतं, भिंतीवर तक्ता लावलाय. मुलगे पहिले दोन महिने आवरायला कुरकुरले, मग गप झाले.

जातीचं पण बोलायला पाहिजे, आपण टाळतो. "तुझे वडील काय काम करतात, त्यातलं विज्ञान सांग" हा प्रश्न भर वर्गात कधीही विचारू नका. सुताराच्या पोराला मजा वाटेल, ज्याच्या घरच्या कामाला गाव नावं ठेवतं त्याला तो प्रश्न म्हणजे सगळ्यांसमोर केलेला अपमान. काम विचारा, माणूस नको. 'वीट लाल का होते' असं विचारा, मातीतल्या लोहाचं भाजताना ऑक्साइड होतं ते उत्तर. जी पोरं दिवाळीनंतर आईबापासोबत वीटभट्टीवर जातात आणि उशिरा परततात त्यांच्यातलं कोणीतरी स्वतःहून हात वर करतं, माझ्याकडं तरी केला, आणि तूस किती मिसळायचं हे माझ्यापेक्षा नीट सांगितलं. हजेरीपटावर मात्र ते पोर भट्टीवरच्या त्या सगळ्या दिवसांत नुसतं गैरहजर होतं.

आणि सगळंच लोकज्ञान बरोबर असतं असं नाही. विंचू चावला की भगताकडं, हे कोकणात किती तरी वर्षं चाललं. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशाचे पेशंट रात्र रात्र बसून पाहिले, हृदयावर काय होतं ते नोंदवलं, ते १९८२ साली लॅन्सेटमध्ये छापून आलं, आणि पुढं प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर चालतं हे दाखवलं. ही गोष्ट सांगताना भगताची टिंगल नको, पोरांच्या घरात त्याला मान असतो. फक्त विचारा, भगताकडं गेलेले किती बरे झाले हे कसं मोजाल? सगळेच विंचू जीव घेण्याइतके विषारी नसतात हे कळलं की पोरं स्वतःच म्हणतात, मग बरं झालेलं कोणाला धरायचं? आणि विंचू असो की घोणस, मण्यार, आधी दवाखाना, हे मात्र चर्चेला ठेवायचं नाही.

राहता राहिली परीक्षा. शिकवलं डब्यांवरनं आणि चाचणीत विचारली व्याख्या, तर पोरांना तुमचा खेळ लगेच कळतो. मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला १९७२ मध्ये १६ शाळांत विज्ञान शिक्षणाचा जो कार्यक्रम सुरू झाला त्यात पुस्तक उघडं ठेवून परीक्षा होती आणि प्रयोगाची वेगळी. २००२ मध्ये तो बंद पाडला गेला ते सोडा. आपल्याला आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गातच चालतं त्यात, तेवढी मोकळीक आहेच, एक प्रश्न तरी असा ठेवा की "हे खरं आहे का ते तू कसं तपासशील".

एकदम सगळं करू नका, सत्राला एक धडा पुरे. आणि राबाचं करणार असाल तर शेतवाल्याशी मार्चमध्येच बोलून ठेवा, नंतर आठवण करून द्या, कारण भाजायच्या दिवशी घाईत तो अख्खा तुकडा पेटवून मोकळा होतो. माझं दोनदा झालंय.