चित्रपटावरचा ऑनर्स प्रबंध: विषयाआधी प्रत शोधा

चार वर्षांच्या पदवीत ‘संशोधनासह ऑनर्स’ हा पर्याय घेणाऱ्या आणि प्रबंधासाठी चित्रपट निवडू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने प्रथम आपल्या चौकटीचा अंदाज घ्यावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यानुसार चार वर्षांची पदवी किमान 160 श्रेयांकांची (क्रेडिट्सची) असते, संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या 6 सत्रांत 75 टक्के गुण अपेक्षित असतात आणि चौथ्या वर्षातील संशोधन प्रकल्पाला 12 श्रेयांक असतात. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी सत्रनिहाय वाटणी आपापल्या पद्धतीने केलेली असल्यामुळे स्वतःच्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम एकदा ओळीने वाचून घ्यावा. चित्रपट हाच मुख्य विषय असलेली महाविद्यालये आपल्याकडे थोडी आहेत. बहुतेक विद्यार्थी मराठी, इंग्रजी, इतिहास किंवा मास मीडिया या विभागांतूनच चित्रपटाकडे वळतात. ही अडचण वाटली तरी तिचा उपयोग करून घेता येतो, कारण साहित्याच्या विद्यार्थ्याला कादंबरी आणि तिचे चित्ररूप यांची तुलना सहज जमते, तर इतिहासाच्या विद्यार्थ्याला दफ्तरे चाळण्याची सवय असते.

विषय ठरवताना होणारी चूक जवळजवळ ठरलेली आहे. ‘मराठी चित्रपटातील स्त्रीप्रतिमा’ किंवा ‘चित्रपट आणि समाज’ अशा शीर्षकाचे प्रस्ताव दरवर्षी येतात आणि त्यांतून दुसऱ्यांच्या पुस्तकांचा सारांश तेवढा हाती लागतो. ऑनर्सच्या प्रबंधाला एक चित्रपट, फार तर दोन, आणि पडद्यावर बोट ठेवून दाखवता येईल असा एक प्रश्न पुरेसा असतो. उदाहरणार्थ, प्रभात फिल्म कंपनीच्या 1937 च्या ‘कुंकू’ या व्ही. शांताराम दिग्दर्शित चित्रपटात पार्श्वसंगीत टाळून प्रत्यक्ष प्रसंगातील आवाजांवर भिस्त ठेवलेली आहे. मनाविरुद्ध वृद्धाशी लग्न लागलेल्या तरुणीची घुसमट या आवाजांतून कशी उभी राहते, हा प्रश्न वर्षभर पुरतो. ज्यांना आवाजाचा अभ्यास नको असेल, त्यांना ना. ह. आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही मूळ कादंबरी चित्रपटाशेजारी ठेवून वाचता येईल, किंवा मराठी ‘कुंकू’ आणि त्याची ‘दुनिया न माने’ ही हिंदी आवृत्ती यांतील एकच प्रसंग समोरासमोर ठेवून तपासता येईल. स्त्रीप्रतिमेबद्दल जे म्हणायचे असेल ते या मार्गाने आपोआप येते आणि ते पुराव्यासह येते.

प्रश्न कितीही चांगला असला, तरी चित्रपटाची पाहण्याजोगी प्रत मिळते की नाही हे कळल्याशिवाय विषय नोंदवू नये. आपल्याकडचे मूकपट बहुसंख्येने नष्ट झाले आहेत, आणि 2003 मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मची रिळे मोठ्या प्रमाणावर जळाली. जे उरले आहे तेही कोणत्या रूपात उरले आहे, हे विचारावे लागते. ‘राजा हरिश्चंद्र’ची आज पाहायला मिळणारी रिळे 1913 च्या मूळ चित्रपटाची नसून फाळक्यांनी 1917 मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची आहेत, असे अभ्यासकांचे प्रतिपादन आहे, तेव्हा त्या रिळांवरून 1913 च्या छायाचित्रणाविषयी विधान करणारा विद्यार्थी तोंडी परीक्षेत अडचणीत येतो. इंटरनेटवर सापडणाऱ्या प्रती कापलेल्या, दुसऱ्या भाषेतल्या किंवा वेगळ्या वेगाने चढवलेल्या असू शकतात. म्हणून आपण पाहिलेल्या प्रतीची भाषा, एकूण कालावधी आणि ती कोठे पाहिली हे पहिल्या दिवसापासून वहीत लिहून ठेवावे आणि संदर्भसूचीतही द्यावे.

या कामासाठी पुणे हे सोयीचे शहर आहे. विधी महाविद्यालय रस्त्यावरील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय फेब्रुवारी 1964 मध्ये स्थापन झाले, पी. के. नायर यांनी ते उभे केले, आणि 2022 पासून ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे. जवळच असलेली फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट प्रभातच्याच जुन्या स्टुडिओच्या आवारात 1960 मध्ये सुरू झाली. संग्रहालयात जाण्यापूर्वी विभागप्रमुखांचे पत्र, स्वतःचे ओळखपत्र आणि पाहायच्या साहित्याची नेमकी यादी तयार ठेवून लेखी विनंती करावी, आणि शुल्क व वेळ आधीच विचारून घ्यावी. ‘जुने मराठी चित्रपट पाहायचे आहेत’ असे सांगणाऱ्याला कोणीही फारशी मदत करू शकत नाही. केवळ चित्रपट पाहून परत येऊ नये. पोस्टर, छायाचित्रे, कात्रणे आणि चित्रपटगृहात पूर्वी विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका यांची चौकशी अवश्य करावी. अशा पुस्तिकेत कथासार, गीते आणि श्रेयनामावली असते, आणि ती कधी कधी मोठा घोटाळा टाळते. 1936 च्या ‘संत तुकाराम’मधील ‘आधी बीज एकले’ हा अभंग तुकोबांचाच असावा असे अनेकांना वाटते, पण तो शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिला. गाथेतील भक्तीचे उदाहरण म्हणून तो उद्धृत केला, तर सगळे प्रकरण कोसळते. त्या काळची परीक्षणे आणि जाहिराती पाहण्यासाठी दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, तर सरकारी कागदांसाठी मुंबईतील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागार उपयोगी पडते. मूकपटांच्या काळावर काम करणाऱ्यांनी भारतातील चित्रपटव्यवसायाची चौकशी करणाऱ्या 1927-28 च्या सरकारी रंगाचारियार समितीचा अहवाल आणि विशेषतः त्यासोबतच्या साक्षींचे खंड वाचावेत. चित्रपटगृहांचे मालक, वितरक आणि निर्माते यांचे बोलणे त्यांत प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे.

चित्रपट किमान तीनदा पाहावा. पहिल्यांदा काहीही लिहू नये. दुसऱ्यांदा प्रसंगांची क्रमवार यादी करावी. तिसऱ्यांदा मात्र संपूर्ण चित्रपटाचा हव्यास सोडून आपल्या प्रश्नाशी भिडणारी 8-10 मिनिटे निवडावीत आणि त्यांची शॉटनिहाय नोंद करावी: शॉटचा क्रमांक, सुरू होण्याची वेळ, लांबी सेकंदांत, दृश्याचा आकार म्हणजे लाँग (लांबून), मिड (मध्यम अंतरावरून) की क्लोज (जवळून), कॅमेऱ्याची हालचाल, चौकटीत (फ्रेममध्ये) काय आहे, आणि काय ऐकू येते. ‘कुंकू’सारख्या चित्रपटासाठी आवाजाचे दोन रकाने करावेत, एकात पडद्यावर ज्याचा उगम दिसतो तो आवाज, दुसऱ्यात ज्याचा उगम दिसत नाही तो. अशा वेळी चित्र झाकून केवळ ऐकणे आणि नंतर आवाज बंद करून केवळ पाहणे, ही जुनी युक्ती फार कामाची आहे. हे काम कंटाळवाणे आहे, एका बैठकीत होत नाही, पण प्रबंधातील स्वतःचे म्हणता येईल असे बहुतेक सारे याच तक्त्यातून निघते.

मूकपटांच्या बाबतीत सेकंद मोजताना सावध राहावे. 35 मिमी फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी असतात, म्हणजे 1000 फुटांच्या रिळात 16,000. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर सेकंदाला सुमारे 16 चौकटींच्या वेगाने घेतलेले हे रीळ त्याच वेगाने दाखवले तर 16 मिनिटे 40 सेकंद चालते, आणि बोलपटाच्या 24 चौकटींच्या वेगाने दाखवले तर साधारण 11 मिनिटांत संपते. त्यामुळे जुन्या नोंदींतील लांबी फुटांमध्ये दिलेली असेल, तर ती फुटांतच उद्धृत करावी आणि मिनिटे लिहायची झाल्यास कोणता वेग धरला हे सांगावे.

लेखनाची सुरुवात प्रस्तावनेपासून करू नये. आधी शॉटच्या तक्त्यावरून विश्लेषणाचे प्रकरण लिहावे, मग निर्मिती आणि स्वागत यांचा इतिहास, आणि सिद्धान्ताची चर्चा सर्वांत शेवटी, तीही आपल्या प्रसंगाला जेवढी लागते तेवढीच. परदेशी सिद्धान्तकारांची नावे पहिल्या दहा पानांत ओळीने मांडण्याची आपल्याकडे एक हौस आहे. परीक्षकांवर तिचा प्रभाव पडत नाही. प्रत्येक विधानामागे वेळेचा निर्देश असावा, म्हणजे वाचणाऱ्याला तो शॉट काढून पाहता येईल. ज्येष्ठ प्रेक्षकांच्या किंवा तंबू टॉकीज चालवणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्यास त्यांची लेखी संमती घ्यावी, आणि त्यांनी सांगितलेली साले छापील नोंदींशी ताडून पाहावीत, कारण माणसाला चित्रपट आठवतो, वर्ष आठवत नाही.

चौकटींची छायाचित्रे प्रबंधात द्यावीतच. भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे चालतो, म्हणून प्रभातच्या 1930 च्या दशकातील चित्रपटांचा तो संपलेला आहे, शिवाय संशोधन आणि समीक्षेसाठी मर्यादित वापराला कायद्यात जागा आहे. गीतांच्या शब्दांचा हिशोब मात्र गीतकाराच्या मृत्यूपासून वेगळा होतो, त्यामुळे अख्खे गीत परिशिष्टात छापण्याऐवजी लागतील तेवढ्याच ओळी द्याव्यात. तोंडी परीक्षेला जाताना विश्लेषण केलेला तुकडा लॅपटॉपवर उतरवून न्यावा. महाविद्यालयाच्या वाय-फायवर विसंबू नये, आणि खोलीतले स्पीकर आदल्या दिवशी जाऊन तपासून यावेत.