संग्रहालयासाठी बोर्ड गेम करताय? या चुका टाळा

सापशिडीचा पट घ्यायचा, चौकोनांत माहिती कोंबायची आणि ‘उत्तर बरोबर आलं तर दोन घरं पुढे’ असं लिहून मोकळं व्हायचं, ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. मुलं फासा टाकत सुटतात, मजकूर तसाच राहतो. जे शिकवायचं ते चालीतच असायला हवं.

सातवाहनकाळातला व्यापारी मार्ग घ्या: कल्याण, नाणेघाट, जुन्नर, पैठण, तेर. ‘नाणेघाट कोकण आणि देश यांना जोडतो’ असं कार्ड छापू नका. घाटाच्या पायथ्याशी खेळाडूलाच ठरवू द्या: थोडा माल खाली ठेवून लगेच चढायचं, की सगळं ओझं घेऊन एक डाव थांबायचं? घाट म्हणजे काय ते तिथे कळतं. नशिबाची कार्डंही इतिहासातूनच काढा. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात नोंद आहे, की कल्याणला लागलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाण्याची शक्यता असे. ‘एक डाव चुकला’ यापेक्षा हे कार्ड कितीतरी बोलकं आहे.

चित्रांत घाई नडते. सातवाहनांच्या बाजारात लाल मिरच्यांची रास काढली, की सगळंच फसलं; मिरची पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आली. टोमॅटो, बटाटा, मका हेही सातवाहनांनंतर कितीतरी शतकांनी आले. तिथे मिरी, पिंपळी, कापड, मणी दाखवा. दुकानावर देवनागरी पाटी नको, तेव्हाची लिपी ब्राह्मी. पेहराव आणि दागिने कार्ले, भाजे इथल्या शिल्पांवरून घ्या, मालिका बघून नको. दोन डोलकाठ्यांचं जहाज असलेली सातवाहन नाणी फार देखणी आहेत, पण ती पूर्व किनाऱ्याकडची. कोकणातल्या बंदरात तेच जहाज काढायचं असेल तर आधी अभ्यासकाला विचारा. नाणेघाटातला दगडी रांजण जकातीचा, असं परंपरेनं सांगतात. पटावरही ‘असं सांगतात’ हे शब्द राहू द्या. मुलांना पुरावा आणि आख्यायिका यांतला फरक कळतो, आपणच तो पुसून टाकतो.

चाचणी घेताना संपूर्ण रंगकाम झालेला पट नेऊ नका. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर पाचवीच्या मुलांना खेळायला बसवा, नियम समजावू नका, नुसतं बघा. कुठे अडतात ते लगेच दिसतं. चार जणांचा खेळ असेल आणि सहलीची अख्खी बस उतरली, तर जोड्या करून खेळता येईल अशी सोय आधीच ठेवा. डाव दहा मिनिटांत आटपायला हवा. पुढचं दालन बाकी असतं.

छपाईत नेहमीचे त्रास दोन. ग्लॉसी लॅमिनेशनवर दालनातले दिवे चमकतात आणि अक्षरं दिसेनाशी होतात, म्हणून मॅट घ्या. फॉन्ट बदलला की रफार आणि जोडाक्षरं तुटतात, तेव्हा अंतिम पीडीएफ मराठी वाचणाऱ्या माणसानं कागदावर छापून तपासावी. आणि सोंगट्यांचा जादा संच सुरुवातीलाच करून घ्या, त्या हरवतातच.