रॉटविलर, पिटबुल पाळण्याआधी आणि विकण्याआधी

रॉटविलर, पिटबुल, केन कोर्सो अशा ताकदवान जातीचा कुत्रा घ्यायचं ठरलं की लोक आधी पिल्लाची किंमत विचारतात. आधी आपलं फाटक बघा. नागपूरच्या लेआउटमधल्या घरांना बहुधा एकच फाटक असतं आणि ते थेट रस्त्यावर उघडतं. गाडी बाहेर काढताना ते उघडं राहतं आणि कुत्रा निसटतो तो तेव्हाच. त्यामुळे कुत्र्याच्या अंगणाला जाळीचं वेगळं दार करा आणि गाडीची जागा त्या दाराबाहेर ठेवा. एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हे घरातल्या लहानांपासून मोलकरणीपर्यंत सगळ्यांना माहीत हवं. कुंपण सहा फूट उंच, दाराखालची फट चार इंचांहून कमी आणि कडी अशी की बाहेरून हात घालून निघणार नाही. घंटी फाटकाबाहेर लावा, म्हणजे पार्सलवाल्याला आत पाऊल टाकावं लागणार नाही.

दिवसभर साखळीला बांधून ठेवणं हा बंदोबस्त नव्हे. बांधलेल्या कुत्र्याला भीती वाटली तरी दूर जाता येत नाही, मग जवळ येणाऱ्यावर धावून जाणं एवढंच त्याच्या हाती उरतं. राखणीसाठी बांधलेला कुत्रा असाच बिघडत जातो.

फिरवताना पाच-सहा फुटांचा पक्का पट्टा वापरा. लांब होत जाणारा दोरीचा पट्टा या वजनाच्या कुत्र्याला नकोच. मझल (कुत्र्याच्या तोंडावर बांधायचं आवरण) टोपलीसारखं जाळीचं घ्या, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणीही पिता येईल. तोंड आवळून धरणारं कापडी मझल घालून मे महिन्यात फिरवलंत, तर कुत्र्याला उष्माघात होऊ शकतो, कारण त्याचं शरीर मुख्यतः धापांनीच थंड होतं. सवय लावायला दोन आठवडे द्या. पहिले काही दिवस टोपलीत आतून दही लावा आणि कुत्र्याला स्वतःहून तोंड घालू द्या, मझलचा पट्टा बांधू नका. मग पाच सेकंद, अर्धा मिनिट, पाच मिनिटं असं वाढवत न्या. पहिल्याच दिवशी बांधून बाहेर नेलं तर तो पंजांनी ओरबाडून काढायला शिकतो. उन्हाळ्यात सूर्य चढायच्या आधी आणि रात्री आठनंतरच निघा. डांबरावर पालथा हात सात सेकंद ठेववत नसेल, तर त्याचे तळवेही भाजतील.

गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला कधीही मारू नका. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे. मार खाऊन तो ती द्यायचं सोडतो आणि पुढच्या वेळी सरळ चावतो. ‘काही न करता एकदम चावला’ असं लोक सांगतात, त्यातल्या अनेक कुत्र्यांच्या सूचना कोणी ओळखलेल्या किंवा ऐकलेल्या नसतात. त्याहून आधीच्या खुणाही शिकून घ्या: अंग ताठ होणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, पुन्हा पुन्हा ओठ चाटणं. खाताना भांड्यात हात घालून परीक्षा पाहू नका. लहान मुलाला या कुत्र्याजवळ एकटं सोडू नका, मूल घरचं असलं तरी.

विकणाऱ्यासाठी

2017 च्या श्वान प्रजनन नियमांनुसार प्रजनन करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तरी महिन्याभराची पिल्लं सर्रास विकली जातात. याचा फटका त्यांच्या चावण्याच्या सवयीला बसतो. भावंडांशी खेळताना जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ थांबतो. दात किती लावायचे, हे पिल्लू तिथंच शिकतं. तिथून लवकर उचललेल्याला हा धडा माणसांच्या हातावर शिकावा लागतो.

पैसे घेण्याआधी घर बघायला जा. दिवसा घरी कोण असतं, घर भाड्याचं आहे का, फिरवणाऱ्याच्या अंगात चाळीस-पन्नास किलोंचा कुत्रा आवरण्याची ताकद आहे का, हे विचारा. ‘शेतावर राखणीला बांधायचा आहे’ किंवा ‘जास्त खतरनाक पिल्लू द्या’ असं म्हणणाऱ्याला सरळ नकार द्या. असं पिल्लू झुंजीसाठीही मागितलेलं असू शकतं, आणि कुत्र्यांची झुंज लावणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

सोबत कागद द्या: मायक्रोचिपचा (कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा) क्रमांक, लसींच्या तारखा (रेबीजची लस सहसा तीन महिन्यांनंतर, मग दरवर्षी), आईवडिलांचा स्वभाव आणि ‘कोणत्याही वयात परत घेईन’ ही लेखी हमी. मोठा कुत्रा देत असाल तर तो कशाला घाबरतो आणि कोणाला कधी चावला, तेही लिहा. हे लपवून विकणं म्हणजे पुढचा चावा दुसऱ्याच्या घरी पाठवणं आहे.

कुत्र्यांसोबत इतर प्राणीही विकत असाल, तर स्टार कासव, पोपट, साप यांच्या व्यवहारात पडूच नका. आपल्याकडचे हे प्राणी वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, तिथं विकणारा आणि घेणारा दोघेही अडकतात. बॉल पायथन (अजगर), इग्वाना (सरडा) यांसारख्या परदेशी प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.

चावलाच तर

जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. लगेच नागपूरचं मेडिकल किंवा मेयो हे सरकारी रुग्णालय गाठा. जखमेतून रक्त आलं असेल तर रेबीजच्या लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनबद्दल (रेबीजविरोधी प्रतिपिंडांच्या इंजेक्शनबद्दल) डॉक्टरांना विचारा. कुत्र्याला लस दिलेली असली तरी त्या भरवशावर घरी बसू नका.

प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाला भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जखमीचा खर्च मालकानेच करावा, तक्रारीची वाट बघत बसू नये.

रेबीजची लक्षणं दिसतात का ते कळावं म्हणून कुत्रा दहा दिवस घरातच, नजरेखाली ठेवा. पशुवैद्याकडून कान, दात, सांधे तपासून घ्या. दुखणं हे अचानक चावण्याचं एक मोठं कारण असतं. खाणं सुटलं, लाळ गळू लागली, आवाज किंवा चाल बदलली, तर पशुवैद्याला आणि जखमीच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. या दहा दिवसांत त्याला गावी पाठवू नका, कोणाला देऊ नका, रस्त्यावर सोडू नका. जखमीवरचे पुढचे उपचार त्या कुत्र्याच्या प्रकृतीवर अवलंबून असतात.