शांघायला राहायला येणाऱ्या मराठी मंडळींसाठी

पुणे-चाकण पट्ट्यातील वाहनउद्योगातून, मुंबईतील बँकांमधून आणि हिऱ्यांच्या व्यापारातून बदलीवर शांघायला येणाऱ्या मंडळींना घर, शाळा, किराणा आणि डॉक्टर यांची माहिती कंपनीकडून मिळते. कम्युनिस्ट पक्षाच्या राज्यात रोज कसे वागावे, काय बोलावे आणि कोणासमोर बोलावे, हे मात्र त्या माहितीत नसते. मी पुण्याहून इथे येऊन स्थिरावल्याला बराच काळ झाला आहे आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट सर्वांत आधी सांगावी असे मला वाटते. इथल्या बंधनांचा भार परदेशी माणसावर हलका पडतो आणि स्थानिक माणसावर जड. आपल्या हातून काही चुकले, तर बहुतेक वेळा दंड होतो किंवा व्हिसा रद्द होऊन आपण घरी परततो. आपल्या शेजाऱ्याला, सहकाऱ्याला किंवा घरकामाला येणाऱ्या बाईंना परत जायला दुसरा देश नाही. म्हणून पुढील प्रत्येक सूचना स्वतःच्या सोयीइतकीच त्यांच्या सुरक्षिततेसाठीही वाचावी.

सुरुवात नोंदणीपासून करावी. घरी राहायला आल्यापासून चोवीस तासांच्या आत परदेशी व्यक्तीने स्थानिक पोलीस ठाण्यात निवासाची नोंद करणे कायद्याने बंधनकारक आहे. १ जुलै २०१३ पासून लागू असलेल्या प्रवेश-निर्गमन कायद्यात ही तरतूद असून ती मोडल्यास दोन हजार युआनपर्यंत दंड होऊ शकतो. हॉटेलात उतरल्यास हे काम हॉटेल करते. भाड्याच्या घरात ते आपल्यालाच करावे लागते आणि शांघायमध्ये त्यासाठी ऑनलाइन सोयही आहे. सुट्टीत आई-वडील किंवा सासू-सासरे राहायला आले, तर त्यांचीही वेगळी नोंद लागते, आणि हे नेमके गडबडीत राहून जाते. सोळा वर्षांवरील प्रत्येक परदेशी व्यक्तीने पासपोर्ट जवळ बाळगावा असाही नियम आहे. नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांनी निवास परवान्याचा अर्ज तीस दिवसांच्या आत करावा. मोबाइलचे कार्ड पासपोर्टवरच मिळते, आणि नवे कार्ड घेताना चेहऱ्याचे स्कॅन करण्याचा नियम १ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे.

तुमच्या संकुलाच्या फाटकाजवळ रहिवासी समितीचे कार्यालय असेल. तिथे बहुधा मध्यमवयीन किंवा निवृत्त बायका बसतात. पाणी बंद असल्याची सूचना लावण्यापासून एकट्या राहणाऱ्या वृद्धांची विचारपूस करण्यापर्यंत सगळी कामे त्या करतात, आणि कोणत्या घरात कोण आले-गेले याचीही त्यांना माहिती असते. कागदोपत्री ही रहिवाशांची स्वयंशासित संस्था आहे, प्रत्यक्षात राज्ययंत्रणेचे शेवटचे टोक तेच आहे. या बायकांशी आपुलकीने वागावे, दिवाळीचा फराळ अवश्य द्यावा, पण शेजाऱ्यांविषयीच्या त्यांच्या प्रश्नांना उत्तर देताना "मला माहीत नाही" एवढेच म्हणावे.

या समितीची खरी ताकद २०२२ च्या टाळेबंदीत दिसली. मार्चअखेर हुआंगपू नदीपलीकडचा पुडोंग हा भाग आणि १ एप्रिलपासून नदीच्या अलीकडचा भाग बंद झाला आणि सुमारे अडीच कोटी वस्तीचे शहर १ जूनपर्यंत घरात कोंडले गेले. आमच्या इमारतीत सकाळी ध्वनिक्षेपकावरून हाक आली की सगळ्यांनी खाली उतरून घशाचा नमुना द्यायचा, आणि भाजी हवी असेल तर शेजाऱ्यांच्या गटात एकत्र मागणी नोंदवायची, असा क्रम होता. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींना स्मार्टफोन वापरता येत नव्हता. त्यांचे तांदूळ आणि रक्तदाबाच्या गोळ्या वरच्या मजल्यावरचा एक तरुण स्वतःच्या फोनवरून मागवत असे. शेजारधर्म म्हणजे काय, हे मला या शहराने त्या दिवसांत शिकवले. त्याच काळात घराघरांतून आलेल्या फोनवरील विनवण्यांचे आवाज एकत्र करून तयार केलेली एक चित्रफीत एप्रिलमध्ये पसरली आणि भराभर काढून टाकली जाऊ लागली, तेव्हा सामान्य माणसे ती उलटी करून, कडेला फिरवून पुन्हा पुन्हा टाकत राहिली. नोव्हेंबरमध्ये वायव्येकडील, तेव्हा टाळेबंदीच्या निर्बंधांखाली असलेल्या उरुमची शहरातील आगीत दहा जणांचा मृत्यू झाल्यावर शांघायमध्ये त्याच शहराच्या नावाच्या रस्त्यावर तरुण मुले निषेध म्हणून कोरे कागद हातात धरून उभी राहिली. अनेकांना ताब्यात घेतले गेले, रस्त्यावर लोकांचे फोन तपासले गेले आणि त्यानंतर ७ डिसेंबरला सरकारने बहुतेक निर्बंध सैल केले. हे विषय इथल्या लोकांच्या मनात जिवंत आहेत. तुम्ही मात्र ते उकरून काढू नका. कोणी विश्वासाने बोलले तर ऐकावे आणि ते स्वतःपाशी ठेवावे.

फोन आणि इंटरनेट हा नव्या माणसाला सर्वांत जास्त त्रास देणारा भाग आहे. फेसबुक आणि यूट्यूब २००९ पासून बंद आहेत, गुगलची सेवा मिळत नाही, व्हॉट्सॲप चालत नाही आणि विकिपीडियाच्या सर्व भाषांतील आवृत्त्या, म्हणजे मराठीसुद्धा, एप्रिल २०१९ पासून उघडत नाहीत. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर इथे ज्याच्याशिवाय पान हलत नाही त्या वीचॅट या चिनी ॲपवर भारताने जून २०२० मध्ये बंदी घातली. त्यामुळे साताऱ्यात बसलेल्या आईला इथून फोन लावायचा तर कोणते माध्यम वापरायचे, हा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी पडतो. भारतातले कार्ड रोमिंगवर सुरू ठेवल्यास त्याच्या डेटावर व्हॉट्सॲप चालते, कारण तो डेटा भारतीय कंपनीच्या जाळ्यातून जातो. ते महाग पडते, पण बँकेचे ओटीपी येण्यासाठी ते कार्ड तसेही चालू ठेवावे लागतेच. दोन्हीकडे आयफोन असतील तर फेसटाइम हा सोपा मार्ग आहे. कंपनीची अधिकृत परवानगी असलेली आंतरराष्ट्रीय लाइन असेल, तर ती कार्यालयीन कामापुरतीच वापरावी. सरकारी परवानगी नसलेले व्हीपीएन, म्हणजे बंद संकेतस्थळे उघडून देणारे ॲप, वापरणे इथे बेकायदा आहे, त्यासाठी लोकांना दंड झालेले आहेत आणि ते विकणाऱ्यांना तुरुंगवासही झाला आहे. अनेक परदेशी लोक ते वापरतात, म्हणून कोणी काही म्हणत नाही असा समज होतो. तो समज घेऊन आपल्या चिनी सहकाऱ्याच्या फोनवर ते बसवून देण्याची चूक कधीही करू नये.

वीचॅटविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. भाजीवाल्याचे पैसे, टॅक्सी, वीजबिल, शाळेची सूचना, दवाखान्याची वेळ हे सगळे त्या एकाच खात्यावर चालते आणि ते खाते तुमच्या पासपोर्टशी जोडलेले असते. आक्षेपार्ह मजकुरामुळे खाते गोठले, तर संवादाबरोबर रोजचे व्यवहारही अडतात, म्हणून दुसरे साधन म्हणून अलिपे हे पैसे देण्याचे ॲप चालू ठेवावे आणि थोडी रोकड घरात असावी. ऑक्टोबर २०१७ पासूनच्या नियमांनुसार गटातील मजकुराची जबाबदारी गट चालवणाऱ्यावरही येते. आपल्या गणेशोत्सवाच्या किंवा मराठी कुटुंबांच्या गटात कोणी गलवानच्या बातम्या, नेत्यांवरची व्यंगचित्रे किंवा तिबेट-तैवानविषयीचा मजकूर पुढे ढकलला, तर अडचणीत येतो तो गट सांभाळणारा स्वयंसेवक. जूनच्या पहिल्या आठवड्यात विशेष जपावे. ४ जून १९८९ रोजी तियानआनमेन चौकाभोवती लष्कराने आंदोलकांवर केलेल्या कारवाईचा इथे जाहीर उल्लेखही करता येत नाही, आणि त्या सुमारास मेणबत्तीचे साधे चिन्हसुद्धा काढून टाकले जाते.

नकाशांची गोष्ट भारतीयांसाठी वेगळीच अवघड आहे. चिनी नकाशात अरुणाचल प्रदेश चीनचा भाग दाखवलेला असतो आणि तसा न दाखवणारा नकाशा इथे जप्त होऊ शकतो. भारतात देशाच्या सीमा चुकीच्या दाखवणारा नकाशा छापणे हा गुन्हा आहे. कंपनीच्या सादरीकरणात दोन्ही देशांचा नकाशा टाकूच नये, शहरांची नावे यादीत द्यावीत. जीपीएसने जमिनीचे मोजमाप करणारी उपकरणे, ड्रोन आणि लष्करी आवाराजवळची छायाचित्रे यांपासून दूर राहावे. हेरगिरीविरोधी कायद्याची व्याप्ती १ जुलै २०२३ पासून वाढली आहे, त्यामुळे बाजाराची माहिती गोळा करण्याचे काम असेल, तर आधी कंपनीच्या वकिलांचे मत लेखी घ्यावे.

कारखान्यात काम करणाऱ्यांनी एक बाब नीट समजून घ्यावी. चीनच्या राज्यघटनेच्या ३५ व्या कलमात भाषण, सभा, संघटना आणि मिरवणूक यांचे स्वातंत्र्य लिहिलेले आहे, पण त्या आधारावर कामगाराला स्वतःची संघटना काढता येत नाही; देशात एकच अधिकृत कामगार महासंघ आहे आणि तो पक्षाच्या नेतृत्वाखाली चालतो. ज्या १९८२ साली मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्याच साली चीनच्या नव्या राज्यघटनेतून संपाचा हक्क वगळला गेला. असंतोष इथेही असतो, आणि तो गुपचूप राजीनामा, लवादाकडे अर्ज किंवा तक्रार कार्यालयाच्या खेपा या वाटांनी बाहेर पडतो. बैठकीत "काही अडचण आहे का?" असे सर्वांसमोर विचारल्यास कोणीही बोलणार नाही. एकेकट्याला, जेवणाच्या वेळी विचारावे, आणि जे कळेल ते वरिष्ठांना सांगताना नाव गाळावे.

बोलण्यातल्या आपल्या काही सवयीही मागे ठेवून यावे. "एकच मूल का?" हा प्रश्न आपण सहज विचारतो. १९८० पासून २०१५ अखेरपर्यंत इथल्या बहुसंख्य शहरी दांपत्यांना दुसऱ्या मुलाची परवानगीच नव्हती, आणि दुसरे मूल झालेल्यांना जबर दंड भरावा लागला, सरकारी नोकरी गमवावी लागली. कित्येक स्त्रियांना गर्भपात करावा लागला. आपल्यासमोर बसलेल्या बाईंच्या आयुष्यात यांपैकी काय घडले, हे आपल्याला ठाऊक नसते. वडीलधाऱ्यांनी माओंच्या राजवटीतील उपासमारीचा काळ, सांस्कृतिक क्रांतीची दहा वर्षे (१९६६-७६), किंवा १९९३ पर्यंत चाललेली धान्याची कुपने यांच्या आठवणी स्वतःहून काढल्या, तर लक्ष देऊन ऐकाव्यात, मधे मत देऊ नये. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव निघाले की मात्र मोकळेपणाने बोलावे. सोलापूरचे हे डॉक्टर १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्ये आले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी इथेच वारले. शिजियाझुआंग येथे त्यांचे स्मारक आहे आणि जुन्या पिढीला ते के दीहुआ या नावाने ठाऊक आहेत. आपण त्यांच्याच महाराष्ट्रातून आलो, हे कळल्यावर वृद्धांचा चेहरा खुलतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

घरच्या देव्हाऱ्याला, गणपतीला किंवा सत्यनारायणाला कोणाची हरकत नसते. चिनी नागरिकांमध्ये धर्मप्रसार करण्यास मात्र परदेशी व्यक्तीला मनाई आहे, आणि पक्षाच्या सदस्यांना कोणताही धर्म पाळता येत नाही. पक्षाचे सुमारे दहा कोटी सदस्य आहेत. तुमच्या विभागातील कोण सदस्य आहे हे तुम्हाला कळेलच असे नाही. म्हणून सहकाऱ्यांना आरतीला न बोलावता जेवायला बोलवावे, आणि त्यांची छायाचित्रे त्यांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नयेत.

हे सारे वाचून इथले लोक सतत भेदरलेले असतील, असा समज करून घेऊ नये. मध्यरात्री एकटी मुलगी निर्धास्तपणे घरी जाते, गाड्या वेळेवर धावतात, आणि लोकांचे दिवस मुलांची परीक्षा, घराचे हप्ते आणि आई-वडिलांचे आजार यांत जातात. माझ्या मते हेच समजायला सर्वांत कठीण आहे. सीमा कुठे आहे हे इथे लहानपणापासून ठाऊक असते, म्हणून तिच्याजवळ कोणी फिरकत नाही, आणि नवख्याला ती सीमा दिसतच नाही.

ती सर्वांत स्पष्ट दिसते हुकोऊ या कुटुंबनोंदणीत. १९५८ पासून प्रत्येक नागरिकाची नोंद एका ठिकाणाशी बांधलेली आहे. दुसऱ्या शहरात काम करता येते, पण तिथली सरकारी शाळा, दवाखाना आणि निवृत्तिवेतन यांवर पूर्ण हक्क मिळत नाही. आमच्या घरी कामाला येणाऱ्या बाई आनह्वेई प्रांतातील आहेत. त्यांचा मुलगा गावी आजी-आजोबांकडे वाढतो, कारण बाहेरच्या मुलाला शांघायमध्ये शिकून इथूनच महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा द्यायची, तर पालकांना शिक्षण, नोकरी आणि विमाभरणा यांवर मोजले जाणारे १२० गुण लागतात आणि घरकाम करणाऱ्या बाईंना ते मिळणे जवळजवळ अशक्य आहे. त्या रोज संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवतात आणि भाजी चिरताना मुलाकडून धडा वाचून घेतात.

तुमच्याकडेही अशाच कोणी बाई कामाला येतील. वसंतोत्सवाची, म्हणजे चिनी नववर्षाची, रेल्वे तिकिटे गाडीच्या पंधरा दिवस आधी खुली होतात आणि गर्दीच्या मार्गांवर ती पाहता पाहता संपतात. त्यांची सुट्टी त्याच्या आधी ठरवून टाकावी, ती भरपगारी द्यावी आणि सणाच्या दोन्ही बाजूंना थोडे दिवस जास्त द्यावेत.