विद्यार्थी मंडळ दिवाळीनंतर गायब होतं? या चुका टाळा

जुलै आला की आपल्या नागपुरातल्या कितीतरी शाळांमध्ये विद्यार्थी मंडळाची निवडणूक होते, बोटाला शाई, मोबाईलवर मतदान, मग शपथविधी, बॅज, फोटो... आणि दिवाळीनंतर विचारा की मंडळाचा आरोग्यमंत्री कोण आहे, तर त्याच्या वर्गातल्या पोरांनाही सांगता येत नाही. मी बरीच वर्षं शाळेत हे मंडळ बघून राहिलो, म्हणून जे कळलं ते लिहितो.

सगळ्यात मोठी चूक, पोरांना कामं द्यायची पण ठरवायला काहीच द्यायचं नाही. खुर्च्या लावा, पाहुण्यांना बुके द्या, रांगा सरळ करा. अरे मग ते मंडळ कसलं? दोन मीटिंगमध्ये मुलांना कळतं की सगळं स्टाफरूममध्ये आधीच ठरलंय, तिसऱ्या मीटिंगला कोणी येत नाही आणि आपण म्हणतो पोरांना इंटरेस्टच नाही. त्यापेक्षा दोन-तीन गोष्टी पूर्ण त्यांच्या हातात द्या. आम्ही आनंदमेळाव्याचे स्टॉल, मधल्या सुट्टीतलं वाचनालय आणि तान्ह्या पोळ्याची नंदी सजावट स्पर्धा एवढं त्यांच्याकडे दिलं. त्यात चुकले तरी मध्ये पडायचं नाही, आणि बाकी काय त्यांच्या हातात नाही हे पण पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं.

दुसरी चूक मी स्वतः केली आणि ती अजून मनाला लागते. एका शाळेत असताना तक्रारपेटीत एकाच गोष्टीच्या पाच-सहा चिठ्ठ्या निघाल्या, मुलींच्या टॉयलेटला आतून कडी नाही. मी म्हटलं वर सांगतो, आणि राहून गेलं. पुढच्या महिन्यात पेटी रिकामी. मुलींनी लिहिणंच सोडलं होतं.

तेव्हापासून मी प्रश्नोत्तराचा तास सुरू केला. नागपूर करारामुळे डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आपल्याच शहरात भरतं, तिथे आमदार तारांकित प्रश्न आधी लेखी देतात आणि मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं, अगदी तसंच. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मुलं लेखी प्रश्न देतात, आठ दिवसांत मुख्याध्यापक उत्तर देतात आणि ते नोटीस बोर्डावर लागतं. उत्तर "यंदा पैसे नाहीत" असलं तरी चालतं, पण उत्तर पाहिजेच. पाणी, टॉयलेट असे विषय मंडळाच्या आवाक्याबाहेरचे, पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींची वेगळी टॉयलेटं आणि पिण्याचं पाणी दोन्ही आहे. मनपाची किंवा अनुदानित शाळा असेल तर त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. मुलांचा ठराव सरळ त्या समितीच्या अजेंड्यावर घ्यायला लावा, पालकांनी विषय उचलला की कडी लवकर लागते.

वेळेचं गणित पण बघा. ऊन्हामुळे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावीची बोर्डाची परीक्षा, म्हणजे कामाचे महिने मोजून जुलै ते डिसेंबर. आणि तरी आपण मुख्यमंत्री दहावीचाच करतो! ऑक्टोबरपासून तो क्लास आणि सराव परीक्षेत अडकतो, त्याची चूक नाही ती. नववीचा प्रमुख घ्या आणि उपप्रमुख आठवीतला, म्हणजे पुढच्या वर्षी कोणीतरी माहितगार राहतो.

मीटिंगमध्ये एकच जण बोलत असेल तर सगळ्यात लहान वर्गापासून एकेकाला विचारत या, पाचवी-सहावीची पोरं मोठ्यांच्या आधी बोलली तरच बोलतात. दोन शिफ्ट असतील तर प्रत्येक शिफ्टची मीटिंग वेगळी घ्या पण वही एकच ठेवा.

पैशाचं एवढंच, आनंदमेळाव्याचा हिशोब मुलांनी लिहायचा, एक मुलगा, एक मुलगी आणि एक शिक्षक अशा तीन सह्या, आणि त्याच आठवड्यात बोर्डावर. उशीर झाला की कुजबुज सुरू होते आणि मग खरं सांगूनही कोणाला पटत नाही.

वहीत चारच रकाने पुरतात: तारीख, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. प्रत्येक मीटिंगची सुरुवात मागच्या पानापासून करायची, राहिलेलं काम मोठ्याने वाचायचं. ती वही शिक्षकांच्या कपाटात ठेवू नका, मुलांच्या हाताला लागेल अशी वाचनालयात ठेवा, आणि वार्षिक परीक्षेच्या आधी नववीच्या मुलांनी ती आठवीच्या मुलांसोबत बसून एकदा पूर्ण वाचून द्यायची. जुलैत नवीन मंडळाची पहिली मीटिंग त्या वहीतल्या शेवटच्या पानापासूनच सुरू करा.