डिस्कव्हरी ३ सकाळी एका बाजूला खचलेली दिसते?

लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ वर्षानुवर्षं सांभाळायची तर एअर सस्पेन्शनची (गाडीला हवेवर तोलून धरणाऱ्या यंत्रणेची) छोटी गळती वेळीच पकडा. हवा निसटत राहिली की ती भरून काढायला कॉम्प्रेसर, म्हणजे हवेचा पंप, सारखा चालतो, तापतो आणि शेवटी जळतो. हा खर्च टाळण्यासारखा आहे.

रात्री गाडी सपाट जागेवर लावा. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत टेपने माप घेऊन लिहून ठेवा. मग इग्निशन बंद करून सस्पेन्शनचा फ्यूज काढा. हे विसरू नका, कारण उभी गाडीही अधूनमधून स्वतःची पातळी जुळवते. एक कोपरा खचला की बाकीचे तीनही खाली आणते आणि दोषी कोपरा सापडत नाही.

सकाळी पुन्हा मापा. थंडीने चार-पाच मिलिमीटर फरक पडला तर घाबरू नका. एकच कोपरा १५-२० मिलिमीटर उतरला असेल, तर त्याच्या एअर स्प्रिंगवर (हवेने भरलेल्या रबरी पिशवीवर) आणि पाइपच्या जोडावर साबणाचं पाणी फवारा. रबराची घडी नीट बघा: तिथे चिखल साचून बारीक चिरा पडतात, बुडबुडे बहुधा तिथेच येतात. पुढचे किंवा मागचे दोन्ही कोपरे सारखेच उतरले, तर संशय त्या पुढच्या किंवा मागच्या व्हॉल्व्ह ब्लॉकवर, म्हणजे स्प्रिंगमधली हवा सोडणाऱ्या-अडवणाऱ्या झडपांच्या ठोकळ्यावर.

स्प्रिंग बदलताना जोडीने बदला. कॉम्प्रेसर नवा घेतला तर त्याचा रिलेही (त्याला चालू-बंद करणारा विजेचा स्विच) नवाच बसवा; जुना चिकटला की नवा कॉम्प्रेसर बंदच होत नाही आणि तोही जळतो. आणि भक्कम स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली अजिबात शिरू नका, ती अचानक खाली बसू शकते.