पोस्टग्रेसच्या वॉल फाइली: डिस्क भरल्यावर होणाऱ्या चुका टाळा

रात्री फोन येतो, पोस्टग्रेस डेटाबेस बसला, डिस्क शंभर टक्के भरली. जाऊन बघावं तर डेटा जेमतेम, पण पीजी_वॉल हे फोल्डर टम्म फुगलेलं. आत १६ एमबीच्या शेकडो फाइली. जुन्या दिसतात, नावांवरून काही कळत नाही, हात सरळ डिलीटकडे जातो. नेमकं तेच करू नका.

पूर्वी या फोल्डरचं नाव पीजी_एक्सलॉग होतं. ‘लॉगच तर आहेत’ असं म्हणून लोक ते साफ करायचे, म्हणून २०१७ मध्ये आलेल्या आवृत्ती १० पासून नावच बदललं. दुकानात व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहितात, खतावणी मागाहून होते. वॉल ही ती रोजकीर्द. सर्व्हर मध्येच पडला, तर शेवटच्या चेकपॉइंटनंतरचं (तोवरचे बदल मुख्य डेटा फाइलींत उतरवून झाल्याची खूण) सगळं तिच्यावरूनच उभं राहतं. तेवढी पानं फाडलीत की सर्व्हर उठत नाही. मग कुणीतरी पीजी_रीसेटवॉल ही वॉल पुसून नव्याने सुरू करणारी कमांड चालवतं. सर्व्हर उठतो खरा, पण आतला डेटा एकमेकांशी जुळेलच याचा भरवसा उरत नाही. ते हत्यार बॅकअपही नसेल तेव्हाच उचलायचं, आणि नंतर लगेच डंप (सगळ्या डेटाची निर्यात) काढून नव्या क्लस्टरमध्ये, म्हणजे कोऱ्या पोस्टग्रेसमध्ये, भरायचा.

पोस्टग्रेस नको झालेल्या वॉल फाइली स्वतःच काढतो किंवा पुन्हा वापरतो. त्या साठल्या, म्हणजे कुणीतरी त्या धरून ठेवल्यात. कोणी, ते आधी शोधा.

बहुतेकदा तो रेप्लिकेशन स्लॉट असतो, म्हणजे रेप्लिका (डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवरची चालती प्रत) किंवा दुसरा वाचणारा कुठवर आला याची सर्व्हरवरची खूण. आमच्याकडे एकदा चाचणीसाठी स्लॉट बनवला, वाचणारा प्रोग्राम बंद केला आणि स्लॉट तसाच राहिला. कुणी वाचायला येईल म्हणून सर्व्हर इमानदारीत फाइली सांभाळत बसला. पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स या व्ह्यूमध्ये अ‍ॅक्टिव्ह खोटं आणि रीस्टार्ट_एलएसएन (स्लॉटला वॉलमधली जिथपासून गरज आहे ती जागा) जागेवरच थिजलेला दिसला की समजा. बेवारस असेल तर स्लॉट काढा, चेकपॉइंट द्या, फाइली आपोआप कमी होतात. तो चालू रेप्लिकाचा असेल, तर मात्र काढल्यावर रेप्लिका नव्याने उभारावी लागू शकते.

आवृत्ती १३ पासून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ आहे, स्लॉटसाठी जास्तीत जास्त किती वॉल राखायची ते ठरवणारं. मूळ किंमत उणे १, म्हणजे मर्यादाच नाही. मी ती कायम घालतो. मागे पडलेली रेप्लिका तुटली तर तुटू दे, मुख्य सर्व्हर पडायला नको.

दुसरा संशयित आर्काइव्ह कमांड, भरलेल्या वॉल फाइली बॅकअपसाठी दुसरीकडे पाठवणारी. पलीकडची डिस्क भरली किंवा परवानगी बदलली की कमांड फसते आणि पोस्टग्रेस तीच फाइल पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, एकही सोडत नाही. इथे घाईत कमांडच्या जागी नुसतं ‘ट्रू’ (काही न करता ‘जमलं’ म्हणणारी कमांड) लिहिणारे भेटतात. डिस्क मोकळी होते, पण आर्काइव्हची साखळी तुटते. तसं केलंच असेल, तर त्याच रात्री नवा बेस बॅकअप, म्हणजे अख्ख्या डेटाबेसची प्रत, घ्या.

मॅक्स_वॉल_साइझ (वॉल किती वाढल्यावर चेकपॉइंट घ्यायचा ते ठरवणारं) कमी करणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ती पक्की मर्यादा नाहीच, स्लॉटपुढे तिचं काही चालत नाही. उलट चेकपॉइंट वारंवार होतात, प्रत्येकानंतर बदललेली डेटाची पानं वॉलमध्ये एकदा पूर्ण लिहावी लागतात आणि वॉल आणखी वाढते.

आत्ता जागाच नसेल तर व्हॉल्यूम वाढवा, किंवा सर्व्हर बंद ठेवून अख्खं पीजी_वॉल मोठ्या डिस्कवर हलवा आणि जुन्या जागी सिमलिंक (नव्या जागेकडे नेणारा दुवा) द्या. मी वॉलच्याच डिस्कवर दोन जीबी जागा अडवणारी बिनकामाची फाइल आधीच ठेवतो. अडचणीत ती उडवली की श्वास घेता येतो.

आता देखरेख. डिस्क नव्वद टक्के झाल्यावर वाजणारी घंटा उशिरा वाजते. पीजी_एलएस_वॉलडिर ने एकूण आकार आणि पीजी_वॉल_एलएसएन_डिफ ने प्रत्येक स्लॉट किती बाइट मागे आहे, हे दर मिनिटाला नोंदवा. पीजी_स्टॅट_आर्कायव्हर मधल्या फेल्ड_काउंटवर (आर्काइव्ह कमांड किती वेळा फसली तो आकडा) अलार्म लावू नका, तो आकडा साठत जातो आणि जुनी चूकही कायम दाखवतो. शेवटचं अपयश शेवटच्या यशानंतरचं आहे का, एवढंच तपासा.